एकपंखी बिल्ला

३ जानेवारी

बारक्या,

वर 'चि.' लिहायचं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी नाही लिहिलं. तू आता कुठला चिरंजीव, तू ज्येष्ठ वैमानिक झालास.

तुझा कोट पोचला. पार्सल मी उघडलं नाही, यांनी उघडलं. आत समारंभाचा कोट, सोनेरी जरीचं एक रीळ (सरकारी दिसतंय, आमच्या दुकानात याहून बरी जर असते) आणि तुझी चिठ्ठी. सहा वर्षांनी चार ओळी. "ताई, सात वर्षं आणि दोन हजार तास पूर्ण झाले. पंखांवर तारा आला. पहिला तारा घरच्या हातचा असावा अशी आमच्याकडे रीत आहे. मोठ्या मनाने शिवून दे."

रीत मला शिकवतोस? हवाई तळाच्या फाटकासमोर त्या दुकानात वीस वर्षं मी बिल्लेच शिवतेय. नव्या वैमानिकाचे साधे दोन पंख, वाट आणि इंधन बघणाऱ्या नॅव्हिगेटरचा एकच पंख, सात वर्षांनी वर तारा, आणि पुढे फार नशीब काढलं तर ताऱ्याभोवती कडं. कोणाच्या छातीवर काय चढणार ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. तुझे पहिले पंखही माझ्याच हातचे. कोटावर अजून तेच आहेत. एक पीसही उसवलेलं नाही. आताच्या पोरी मशीनवर शिवतात, धुलाईत तिसऱ्या खेपेला पिसं गळतात. माझ्या हातचं टिकतं, हा माझा दोषच आहे.

यांनी कोट हँगरला लावला. कॉलरवरचा एक धागा चिमटीने काढला आणि म्हणाले, "खांदे भरलेत त्याचे." बस, एवढंच. मी म्हटलं, परत पाठवते. तर म्हणाले, "असू दे आठवडाभर. कोटाचा काय दोष?"

म्हणून तो खुंटीवर आहे. शिवणार मात्र मी नाही. मोठं मन मी केव्हाच वापरून संपवलंय. कुठे वापरलं ते तू विचारू नकोस आणि मीही सांगत नाही.

ताई


१४ जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलं. या वेळी दोन पानं, प्रगती आहे. त्यातलं एक वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "दाजींच्या चुकीबद्दल मी कधी मनात काही ठेवलं नाही."

वा रे वा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी तुला घेऊन या माणसाच्या घरात आले. लग्नात भावाला घेऊन आलेली नवरी, लोक हसले. हे नाही हसले. तेव्हा हे तळावर वायरलेस दुरुस्त करायचे, विमानात फार उशिरा चढले. तुला त्रिकोणमिती यांनी शिकवली, या घरच्या जमिनीवर खडूने नकाशे काढून. त्याच घराचे वासे तू मोजलेस.

तुझे दाजी आता काय करतात ते तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलं नाहीस. बस डेपोत वेळापत्रक लावतात. कुठली गाडी किती वाजता सुटली की कुठे किती वाजता पोचेल. काम सोपं आहे, यांच्यासारख्याला तर डाव्या हाताचा मळ. पण प्रत्येक बेरीज तीनदा करतात. तीनदा करून घरी आणतात आणि मला म्हणतात, "तू एकदा बघ." मी सातवी शिकलेली, सुई-दोऱ्यातली बाई. मी बघते. बरोबर असते. तरी सकाळी निघताना विचारतात, "नक्की बघितलंस ना?"

कारण यांना वाटतं, विमान पडलं त्या दिवशी आपण चुकलो. विमान उडालं इथपर्यंत यांना आठवतं, त्यापुढे थेट दवाखान्याचं छत. मधलं काहीच नाही. मग मधलं जे तू चौकशीत सांगितलंस तेच यांनी खरं धरलं. "नॅव्हिगेटरने इंधन पुरेल असं सांगितलं, म्हणून मी पुढे गेलो." धाकट्या मेहुण्याला खोटं ठरवण्यापेक्षा स्वतःला चुकीचं ठरवणं यांना सोपं गेलं. आणि मागे माल सांभाळणारा जो होता, ज्याचा पाय गेला, त्याच्या घरी हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जातात. त्याच्या दाराशी उतार बांधून दिला, नळ बसवून दिला. आणि निघताना दर वेळी माफी मागतात.

सात वर्षं पूर्ण झाली होती यांची. तास अकरा कमी होते. अकरा तास म्हणजे दोन फेऱ्या, फार तर तीन. त्यानंतर विमानाच्या शिडीलाही हात लावू दिला नाही कोणी.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला काय विचारलंस ते आठवतं? हात गळ्यात बांधलेला होता तुझा. दाजी शुद्धीवर आले का, हे नाही विचारलंस. विचारलंस, "ताई, दाजींच्या कपड्यांच्या खिशात काही होतं का?" मी म्हटलं, रुमाल होता.

दोन दिवसांनी यांनीही तेच विचारलं. "माझ्या मांडीच्या खिशात काही होतं का गं?" त्यांनाही म्हटलं, रुमाल होता.

ताई


१६ जानेवारी

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. पोस्टमन येईल, त्याच्या हातापाया पडून परत घेईन असं मनात होतं. तो आला तेव्हा मी पिशवी चाचपत घरी निघून आले.

आता लिहिलंच आहे तर पुढचं लिहिते. तुला तारा हवाय ना माझ्या हातचा? शिवते. एका अटीवर. तू दाजींना पत्र लिही. मला नको, त्यांना. त्या दिवशी विमानात काय झालं ते जसंच्या तसं लिही. एक पान पुरे. मी ते वाचणारही नाही.

महिनाअखेरपर्यंत वाट बघते. तुझा समारंभ चोवीस फेब्रुवारीला आहे, म्हणजे शिवायला वेळ राहील. चांगला तारा शिवायला मला पाच दिवस लागतात.

ताई


५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं टपाल आलं. मी दुकानातून आले तर हे चष्मा लावून पाकीट हातात धरून बसले होते, फोडलं नव्हतं. "माझ्या नावाने आलंय," म्हणाले. चेहरा असा की मला वाटलं, सुटले. बारक्याने घराणं राखलं.

फोडलं. आत छापील कार्ड. ज्येष्ठ वैमानिकांचा तारा प्रदान समारंभ, पहिली रांग, जागा दोन. मागच्या बाजूला तुझं अक्षर: "दाजी, जुनं सगळं विसरून या. तुमचा आशीर्वाद हवा."

यांनी ते मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मोठ्या मनाचा आहे गं. मी त्याचं विमान घालवलं, तरी पहिल्या रांगेत बसवतोय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. राग तुझा आला होता म्हणावं तर तसंही नाही. तू जसा होतास तसाच निघालास. राग स्वतःचा आला. म्हणून आता ऐक.

खिशात रुमाल नव्हता. यांच्या मांडीच्या खिशात यांची चिठ्ठी होती, मांडीवरच्या पाटीला लावतात ती, तळहाताएवढी. दवाखान्याने कपड्यांची पिशवी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली. धुवायला काढले आणि ती सापडली. जिन्यात तू मला विचारलंस तेव्हा ती माझ्या ब्लाउजमध्ये होती. तुला वाटलं, विमानातल्या बाकीच्या कागदांबरोबर तीही शेतातल्या पाण्यात गेली. नाही गेली.

तुमच्या तुकडीची पद्धत मला माहीत आहे, घरात दोन-दोन उडणारे होते. नॅव्हिगेटर सल्ला लिहितो, काळ्या पेन्सिलीने. वैमानिकाने मानला तर पुढे निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण, नाही मानला तर फुली. चिठ्ठीवर यांच्या अक्षरात होतं: '१६.१० – पुढे ढग खाली. इंधन कमी. जवळच्या धावपट्टीवर उतरावं.' पुढे निळी फुली. खाली: '१६.२५ – पुन्हा सांगितलं.' पुढे निळी फुली. फुलीचा एक पाय लांब ओढायची तुझी शाळेपासूनची खोड. तुझ्या गणिताच्या वह्या मीच तपासायची की रे.

पहिल्यांदाच तू विमानाचा प्रमुख होतास. वरिष्ठ वाट बघत होते, आणि वाटेत कुठेतरी उतरून तुला नाक खाली करायचं नव्हतं. तेवढ्यासाठी.

मी का लपवली? म्हणजे आता तुला बरं वाटेल असं लिहावं लागणार. तुझ्यासाठी. तुला पंख लागून जेमतेम वर्ष झालं होतं. चिठ्ठी पुढे केली असती तर ते गेले असते. आणि यांचं काय, जुना माणूस, चांगलं नाव. एखादा शेरा बसेल, तारा वर्षभर लांबेल, असं मला वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ राहू दे म्हटलं. चौकशीचा निकाल लागला तेव्हा मूठ उघडायची हिंमत राहिली नव्हती, कारण तोवर मी दोनदा रुमाल म्हणून बसले होते.

फाडायचाही धीर झाला नाही. आमच्या दुकानात एक नियम आहे, आदेशाचा कागद हाती आल्याशिवाय तारा शिवायचा नाही. मी तो मोडला होता. अकराच तास राहिलेत, कुठे जातात, म्हणून यांचा एकपंखी बिल्ला ताऱ्यासकट आधीच शिवायला घेतला होता. पिसं उठून दिसावीत म्हणून जरीखाली जाड कागदाची घडी घालतो आम्ही. तिथे ती चिठ्ठी घातली आणि वरून शिवून टाकलं.

तो बिल्ला पुढे यांना माझ्या सुयांच्या डब्यात सापडला. "घालता आला नाही तरी माझाच आहे," म्हणून स्वतःच्या खणात ठेवला. कधीकधी काढून हातात घेऊन बसतात. एकदा अंगठ्याने दाबून म्हणाले, "कडक झालाय गं." मी म्हटलं, आत पुठ्ठा आहे.

सहा वर्षं तो माणूस स्वतःची साक्ष हातात धरून बसतोय आणि मला विचारतोय, माझी बेरीज बरोबर आहे ना.

रविवारी सांगणार आहे त्यांना. तुला आधी कळवतेय ते तुझ्यावर दया म्हणून नाही. मी माघार घेऊ नये म्हणून.

ताई


११ फेब्रुवारी

बारक्या,

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, बिल्ला आणा. आणला. मी तो उलटा केला. मला शिवण शिकवणाऱ्या आमच्या दुकानाच्या मास्तरांची एक पद्धत होती, मी ती चालू ठेवली आहे. बिल्ल्याच्या मागे अस्तरावर लाल दोऱ्याचा एक टाका सोडायचा. कुठून उसवायचं त्याची खूण. तिथून धरलं तर सगळं अलगद सुटतं, भलतीकडून ओढलं तर कापड फाटतं. मास्तर म्हणायचे, "प्रत्येक बिल्ला कधीतरी उतरतोच, बढतीने नाही तर बदनामीने. कोटाला इजा होता कामा नये."

मी लाल टाका धरून उसवलं. हे म्हणाले, "अगं, चांगला आहे की, का मोडतेस?" मग आतली घडी निघाली.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मी सगळं बोलले, जिन्यातलं, खिशातलं, रुमालाचं. मध्ये एकदाही त्यांनी मान वर केली नाही. मग डेपोच्या एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर इंधनाची आकडेमोड मांडली, चिठ्ठीच्या कडेला त्यांनीच टिपलेल्या बारीक आकड्यांवरून. वारा, वेग, किती राहिलं, किती लागणार. खाली रेघ ओढली आणि पेन्सिल ठेवून दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा बेरीज एकदाच केली. मला बघायला सांगितलं नाही.

"म्हणजे मी सांगितलं होतं," म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"दोनदा."

मी म्हटलं, हो.

चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, "आणि तू सगळं ठाऊक असून मला नुसतं बघत राहिलीस. एकदा दवाखान्यात, आणि मग रोज."

ओरडले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून, बटण लावून त्या पाय गेलेल्या माणसाकडे गेले. रविवार पहिला नव्हता, तरी गेले. "आधी त्याला दाखवायची," म्हणाले, "माझा ताराच गेला, त्याचा पाय गेलाय."

संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, "तो हसला. म्हणाला, नॅव्हिगेटरसाहेब, बहात्तर वेळा तुम्ही माफी मागितलीत आणि बहात्तर वेळा मी दिली. आता त्या सगळ्या परत कशा घेऊ, तेवढं गणित सांगा."

मग खुंटीवरच्या तुझ्या कोटाकडे बघून मला म्हणाले, "शिवून टाकायचं तुला छान जमतं. त्याचा तारा शिव."

ताई


१८ फेब्रुवारी

बारक्या,

हे शेवटचं. कोटाबरोबर पाठवतेय.

तारा शिवला. पाच दिवस लागले. तुझी सरकारी जर वापरली नाही, दुकानातली चांगली घेतली. तुला वाटेल बहिणीची माया. तसं नाही. वाईट काम माझ्याने होत नाही. ताऱ्याबरोबर पंखही नवे शिवले, जुने उसवून वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत.

यांनी डेपोत बदली मागून घेतली, नदीपलीकडच्या. तिथे खोली मिळते. परवा सामान नेलं, एक ट्रंक आणि चष्म्याचं घर. भांडलो नाही. जाताना गॅस बंद आहे का ते बघितलं, एकदाच. मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर." याहून मोठी शिक्षा मला कोणी दिली नाही आजवर. उसवलेला बिल्ला मेजावरच राहिला. मी म्हटलं, पुन्हा शिवून देऊ? तर म्हणाले, "आता गरज नाही. आत काय होतं ते कळलं."

समारंभाला ते येणार आहेत. कार्डावर जागा दोन आहेत. दुसरी माझी होती, तिच्यावर तो पाय गेलेला माणूस बसेल. कडेची खुर्ची ठेव, त्याला कुबडी टेकायला लागते. तुझं नाव पुकारलं की टाळ्या वाजवतील दोघंही, यांना तेवढी रीत आहे. मग चहा असतो ना तुमच्याकडे, साहेबलोक हातात कप घेऊन फिरतात तेव्हा? तेव्हा ती चिठ्ठी तुझ्या वरिष्ठांच्या हातात जाईल. पण त्याआधी तू स्वतः उठून सांगितलंस तर ती खिशातच राहील, असं यांनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय. मी असली सवड तुला दिली नसती. मी तुला फार सवड दिली आजवर.

चौकशी पुन्हा उघडली तर मलाही बोलावतील. खिशात काय होतं, विचारतील. या वेळी रुमाल म्हणणार नाही. मी लपवली, सहा वर्षं लपवली, हेही सांगेन. तुला एकट्याला बुडू देणार नाही, काळजी नको. लहानपणापासून हीच सवय आहे.

कोट घालण्याआधी आतून इस्त्री फिरव, वरून नको, जर काळवंडते. आणि तारा उतरवायची वेळ आली तर घाईने ओढू नकोस, छातीवरचं कापड फाटेल. अस्तरावर डावीकडे, बरोबर ताऱ्याच्या मागे, लाल दोऱ्याचा टाका ठेवला आहे. तिथून धर.

ताई